दुसरे वाचन

डिसेंबर संपत आला की ओळखीतले बरेच वाचक वर्षभरात किती पुस्तके वाचली याचा हिशेब मांडू लागतात. कुणाची पन्नास झालेली असतात, कुणी शंभरी गाठलेली असते, आणि पुढच्या वर्षाचा संकल्प त्याहून मोठ्या आकड्याचा असतो. या हिशेबाविषयी माझ्या मनात आकस नाही. हाताशी आलेला प्रत्येक रिकामा क्षण फोनच्या पडद्याने गिळून टाकण्याच्या या काळात कुणी वर्षभर निष्ठेने वाचतो, याचे मला कौतुकच वाटते. पण या याद्यांमध्ये एक रकाना मला कधी दिसत नाही. यातली कोणती पुस्तके आधी वाचलेली होती आणि तरीही पुन्हा हाती घेतली, हे कुणी लिहीत नाही, कारण हिशेबाच्या दृष्टीने ते पुस्तक आधीच मोजून झालेले असते. माझी आता अशी ठाम समजूत झाली आहे की माणूस वाचक होतो तो या न मोजलेल्या वाचनात.

पहिल्या वाचनात आपण पुस्तकाच्या मागे धावत असतो. पुढे काय होणार, लेखक कुठे नेणार, शेवट कसा करणार, या उत्सुकतेचा ओढा इतका असतो की वाटेतले पुष्कळसे नजरेतून निसटते, आणि ते निसटले हेही आपल्याला कळत नाही. दुसऱ्यांदा वाचताना ही घाई उरत नाही. शेवट ठाऊक असल्यामुळे पहिल्याच पानावर लेखकाने सहज टाकल्यासारखे वाक्य किती जपून टाकले होते ते दिसते. एखाद्या पात्राचे गप्प राहणे, जे पूर्वी जाणवलेही नव्हते, ते आता बोचू लागते. आणि ज्या गाजलेल्या उताऱ्याखाली आपणच पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती तो भरजरी पण पोकळ वाटतो. पुस्तकातले एक अक्षरही दरम्यान बदललेले नसते. वाचणाऱ्याचे वय, त्याने पाहिलेली आजारपणे आणि मरणे, त्याने केलेले संसार आणि सोडून दिलेले हट्ट, हे सारे मात्र बदललेले असते, आणि ते किती बदलले आहे हे मोजायला आधी वाचलेल्या पुस्तकासारखे दुसरे साधन मला माहीत नाही.

गोव्यात पुस्तके बाळगणाऱ्या माणसाला दुसऱ्या वाचनाची संधी पाऊसच देतो. जूनमध्ये पावसाळा लागला की चार महिने घरातली हवा ओली असते. चिऱ्यांच्या जुन्या भिंती पाणी ओढून घेतात, कपाटाच्या पाठीमागच्या फळीवर पांढरट बुरशी धरते, कापडी बांधणीच्या पुस्तकांचे पुठ्ठे हाताला चिकट लागतात आणि पानांच्या कडा लाटांसारख्या वर उचलल्या जातात. त्यात कसर असतेच. ती पानाला सरळ भोक पाडत नाही, वरचा थर खरवडून नेते, त्यामुळे अक्षरे जागच्या जागी राहूनही विरळ होत जातात. डांबराच्या गोळ्या ठेवा, कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा, पावसाळा संपल्यावर प्रत्येक पुस्तक बाहेर काढून त्याला ऊन दाखवण्यावाचून गत्यंतर नसते. चतुर्थीची गडबड ओसरली आणि दसऱ्याच्या सुमारास ऊन कडक पडू लागले की आमच्या घरी हे काम निघते. सोप्यावर चटया अंथरून त्यांवर पुस्तके उभी उघडून ठेवायची, दुपारी ती फिरवायची, मऊ फडक्याने एकेक पुसायचे. कोरड्या प्रदेशात राहणाऱ्या वाचकाचे पुस्तक वीस वर्षे फडताळात निवांत पडून राहू शकते. आमच्याकडे तशी सोय नाही. प्रत्येक पुस्तक वर्षातून एकदा तरी हातात घ्यावेच लागते, आणि हातात घेतले की ते कुठेतरी उघडतेच. पुसायला घेतलेले पुस्तक मांडीवर उघडे ठेवून संध्याकाळपर्यंत वाचत बसणे हा माझ्या वर्षातला सर्वांत समाधानाचा काळ असतो, मग चटईवरची उरलेली पुस्तके दुसऱ्या दिवसावर गेली तरी चालतात.

आमच्या आधीच्या पिढीला पुनर्वाचन निवडावे लागले नाही, ते त्यांच्या वाट्यालाच आले होते. १९६१च्या आधीच्या गोव्यात सरकारची भाषा पोर्तुगीज होती आणि मराठी शाळा लोकांनी आपल्या हिमतीवर चालवलेल्या होत्या. छापील मजकुरावर सेन्सॉरची नजर इतकी कडक असे की लग्नाची पत्रिका छापायची तरी मान्यता घ्यावी लागे, असे त्या काळातले लोक आजही सांगतात. मराठी पुस्तक मुंबईहून किंवा बेळगावहून कुणी येता येता आणले तर ते एका घराचे राहत नसे. वाड्यावरच्या साऱ्या घरांतून ते फिरायचे, पहिली आणि शेवटची पाने गळून जायची, कुणीतरी ती वहीच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून पुन्हा शिवायचे, आणि फिरून फिरून ते मूळ घरी परत आले की त्या घरची माणसे ते नव्याने वाचायला घेत. त्या पिढीतल्या माणसांशी एखाद्या जुन्या कादंबरीविषयी बोलताना ती किती बारकाईने बोलतात हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना मी काय म्हणते आहे ते कळेल. त्यांनी वाचलेली पुस्तके थोडी होती, पण जी वाचली ती त्यांच्या अंगात भिनली होती. आपल्यापुढे पुस्तकांचा महापूर आहे, तेव्हा जी गोष्ट त्यांना टंचाईने दिली ती आपल्याला समजून उमजून मिळवावी लागणार आहे.

टंचाईखेरीज आणखी एक गोष्ट त्यांच्या मदतीला होती, ती म्हणजे पोथी. दिवसभर कोंकणीत बोलणारी, कोंकणीत भांडणारी आणि कोंकणीतच देवाला गाऱ्हाणे घालणारी आमच्याकडची माणसे श्रावणात संध्याकाळी दिवा लावून बसली की मराठी ओवी वाचू लागत. श्रीधरस्वामींनी १७०२मध्ये पुरा केलेला हरिविजय हा त्यांतला लाडका ग्रंथ. त्याचे छत्तीस अध्याय दरवर्षी वाचायचे. कथा घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असायची, तरी ती ऐकायला सगळे जमत. वाचणारा ओवी म्हणे आणि जाणता कुणी तिचा अर्थ कोंकणीत उलगडून सांगे. अशा रीतीने एकच मजकूर दोन भाषांतून, दरवर्षी, मोठ्याने, बायकामुलांसह साऱ्यांच्या कानांवरून जात असे. यातले काही वाचन यांत्रिकही होत असणार हे मी नाकारत नाही, कारण पुण्य मिळते म्हणून पाने उलटणारे लोक सगळीकडे असतात. परंतु ज्याचे कान उघडे असत त्याला या रीतीने जे मिळे ते मोलाचे होते.

माझ्या आत्याचे कान तसे उघडे होते. उतारवयात तिची दृष्टी गेली आणि श्रावणातली पोथी वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. ती भिंतीला टेकून, पाय लांब करून, हातात सुपारीचे खांड धरून ऐकत बसायची. मी एखादा शब्द चुकीचा तोडला की तिच्या कपाळावर आठी पडायची आणि पुढची ओवी माझ्या आधी तिच्या ओठांवर आलेली असायची. मला वाटे, हिला सगळे पाठ आहे तर ही ऐकते तरी काय? पण काही काही जागी ती हात वर करून मला थांबवत असे आणि म्हणे, "तें परत वाच गो." या जागा भक्तीने उचंबळून येण्याच्या नव्हत्या. गोपाळ रानात आपापल्या शिदोऱ्या सोडतात आणि कुणी काय आणले ते एकमेकांना दाखवतात, तिथे ती मला हमखास थांबवायची. एका संध्याकाळी तिने कारण सांगितले. तिच्या लहानपणी शाळेत काही मुले दुपारचे डबे उघडत तेव्हा काही मुले विहिरीवर पाणी प्यायला जात आणि डबे संपेपर्यंत परतत नसत. ती कुठल्या मुलांतली होती हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आयुष्यभर ऐकलेल्या त्या ओळींत तिला प्रत्येक श्रावणात ती विहीर दिसत असली पाहिजे. श्रीधरस्वामींना तिची शाळा ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्यांनी लिहिलेल्या शिदोरीत तिच्यासाठी जागा होती, आणि ती जागा एका वाचनात सापडणारी नव्हती.

ग्रंथ पुन्हा पुन्हा वाचला जाण्याने काय घडू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्याच भूमीत आहे, आणि त्याची आठवण आम्ही गोवेकर पुरेशी ठेवत नाही याचे मला वाईट वाटते. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे इंग्रज पाद्री १५७९मध्ये गोव्यात आले, येथेच राहिले, येथल्या लोकांच्या भाषा शिकले आणि त्यांनी बायबलमधली कथा मराठी ओव्यांत, आपल्या पुराणांच्या धाटणीवर रचली. ते क्रिस्तपुराण १६१६मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६४९ आणि १६५४मध्ये पुन्हा छापला गेला, म्हणजे त्याला मागणी चांगली होती. पुढे १६८४मध्ये पोर्तुगीज सत्तेच्या हुकमाने येथल्या लोकभाषेवरच घाला आला. आज त्या तीनही छापील आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. छापखान्याने जे टिकवायचे ते टिकवले नाही. टिकवले ते वाचणाऱ्यांनी. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत हा ग्रंथ हाताने उतरवून घेतला जात राहिला, घरात आणि देवळात गायला जात राहिला, आणि अशा हस्तलिखित प्रतींवरूनच १९०७मध्ये मंगळुरूला त्याची नवी आवृत्ती निघू शकली. पुढे लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात त्याचे देवनागरी हस्तलिखितही मिळाले.

हे मी जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा मला त्या नकला करणाऱ्या अनाम माणसांचे हात दिसतात. अकरा हजार ओव्या हाताने लिहून काढणे याहून सावकाश वाचन दुसरे असणार नाही. लिहिणाऱ्याला एकही ओवी गाळता येत नाही, एकही कंटाळवाणा भाग ओलांडून पुढे जाता येत नाही, आणि ग्रंथ संपतो तेव्हा त्याचे मनगट आणि मन दोन्ही त्या भाषेच्या चालीत चालू लागलेले असतात. पणजीत पाटो येथे आमचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२मध्ये सुरू झालेल्या या संस्थेला सोळाव्या शतकातल्या कृष्णदास शामा या ग्रंथकाराचे नाव दिले आहे, आणि त्या काळातल्या आमच्याकडच्या कथा रोमन लिपीत उतरवलेल्या हस्तलिखितांच्या रूपाने पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात टिकून राहिल्या. ग्रंथालयाच्या त्या प्रशस्त इमारतीत शिरताना मला नेहमी असे वाटते की येथल्या कपाटांतल्या प्रत्येक पुस्तकाचे आयुष्य ते परत मागायला कुणी येते की नाही यावर अवलंबून आहे.

वाचनाने आयुष्य बदलते असे सगळेच म्हणतात. मला त्यात धर्मानंद कोसंबी यांच्याइतके पटणारे उदाहरण दुसरे दिसत नाही. १८७६मध्ये सांखवाळ येथे जन्मलेल्या या माणसाचे शालेय शिक्षण बेताचेच झाले, आणि घरच्या माडांची देखभाल त्याच्याकडे आली. 'बाळबोध मेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धाच्या चरित्रावरचा लेख त्याने वाचला. तो अंक इतर पुष्कळ घरांत गेला असेल, पुष्कळांनी तो लेख वाचून मासिक बाजूला ठेवले असेल. या तरुणाने मात्र तो लेख संपू दिला नाही. १८९९मध्ये तो घराबाहेर पडला. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका असा हाल काढत फिरला. संस्कृत आणि पाली शिकला. आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्ग या पाली बौद्ध ग्रंथाच्या संपादनाच्या कामावर बसला. मुलांसाठी लिहिलेल्या चार पानांचे उरलेले सारे वाचन करायला त्याला जन्म लागला, असे म्हटले तर ते अलंकारिक ठरू नये. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी, जन्म कोसबेण येथे १९०७चा, हे व्यवसायाने गणिती. त्यांनी भर्तृहरीची सुभाषिते, जी संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाकडून घोकून घेतली जात आणि म्हणून ज्यांच्याकडे कुणी नीट पाहत नसे, ती पुन्हा वाचायला घेतली, शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली आणि १९४८मध्ये त्यांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट कुणीच वाचलेली नसते, हे त्या कामावरून मला उमगले.

निर्मितीच्या बाबतीतही माझा अनुभव आणि माझी श्रद्धा याच दिशेची आहे. नवे सुचावे म्हणून सतत नवे शोधत फिरणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे उत्साह खूप असतो आणि हाती लागते थोडे. फोंडा तालुक्यातल्या केरी गावात १८९२मध्ये जन्मलेल्या गायिका केसरबाई केरकर यांनी अब्दुल करीम खाँ, भास्करबुवा बखले, रामकृष्णबुवा वझे अशा थोरांकडे थोडी थोडी तालीम घेतली होती आणि त्यांचे नावही होऊ लागले होते. असे असताना १९२१मध्ये त्या अल्लादिया खाँसाहेबांपुढे नव्याने शिकायला बसल्या आणि खाँसाहेब १९४६मध्ये जाईपर्यंत शिकत राहिल्या. पाव शतकाचा हा काळ मला थक्क करतो. तेच राग, त्याच बंदिशी, त्याच जागा, पुन्हा आणि पुन्हा. हे करताना त्यांचा आवाज आणि त्यांची बुद्धी एका वळणाने घडत गेली, आणि ते वळण दुसऱ्या कुणाचे राहिले नाही. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात जी ध्वनिमुद्रिका पाठवली गेली तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या गेल्या. या योगायोगाविषयी पुष्कळ लिहिले जाते, आणि आम्हा गोवेकरांना त्याचा अभिमान आहेच. मला त्याहून त्या पंचवीस वर्षांविषयी अधिक ऐकायला आवडेल: कुठला पलटा किती दिवस घोटला, कुठल्या दिवशी गुरूंनी मान हलवली आणि कुठल्या दिवशी नाही.

हे फक्त थोर कलावंतांनाच साधते असे कुणी म्हणेल. तसे नाही. आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी मराठी नाटक होते, जसे ते गोव्यात गावोगाव होते. चतुर्थी झाली की देवळाच्या अग्रशाळेत तालमी सुरू होतात. दिवसभर कुळागरात म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, दुकानात, कचेरीत राबलेली माणसे जेवूनखाऊन रात्री जमतात, पेटीवाला सूर धरतो, आणि हातातल्या नकला वाचत वाचत उभे राहणे सुरू होते. आमच्या वाड्यावरचे एक काका कदंब या सरकारी बसवर चालक होते. एका ऐतिहासिक नाटकात बापाची भूमिका त्यांची ठरलेली. त्यांची नक्कल म्हणजे शाळकरी वही. तेलकट बोटांनी तिच्या कडा काळ्या झालेल्या, आणि कुठे श्वास घ्यायचा ते निळ्या पेन्सिलीच्या उभ्या रेघांनी दाखवलेले. त्या नाटकात बाप मुलाला दरबारात सगळ्यांदेखत झिडकारतो असा प्रवेश आहे, आणि ते वाक्य काका नेहमी अशा गर्जनेने म्हणत की मागच्या रांगेतली झोपलेली मुले दचकून उठत. एका वर्षी त्यांनी ते वाक्य हळू म्हटले. समोरच्या नटाकडे न पाहता, जवळजवळ स्वतःशी. मांडवातली कुजबुज थांबली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "अगो, त्याच्या अगोदरचे वाक्य बघ. तो दरबाऱ्यांशी बोलतोय. पोराशी बोलायचे त्याला धैर्यच नाही. इतकी वर्षे मी म्हणत होतो, पण ते वाक्य कोणाला आहे ते बघितलेच नव्हते." काकांनी स्वतःला वाचक कधी म्हणवून घेतले नसते. त्यांच्या घरात पंचांग, वर्तमानपत्र आणि नाटकांच्या वह्या याखेरीज छापील वा लिहिलेले फारसे काही नव्हते. पण एका वाक्याचे असे वाचन मी मोठमोठ्या परिसंवादांतही क्वचितच ऐकले आहे.

पुनर्वाचनाची एक अवनतीही असते, आणि तिच्याविषयी बोलले पाहिजे. ओळखीच्या पुस्तकात आपण कधी कधी आसरा शोधायला जातो. आजूबाजूचे जग उपरे वाटू लागले, मुले वेगळी भाषा बोलू लागली, गावाच्या डोंगरावर नव्या इमारती उभ्या राहिल्या, की तरुणपणी आवडलेले पुस्तक काढून त्यात दार लावून बसावेसे वाटते. हे वाचन नव्हे असे मी म्हणणार नाही, दुःखात माणसाला आसरा लागतोच. परंतु त्या वाचनाची सवय लागली की पुस्तक आपल्याशी बोलेनासे होते. मग आपण त्यात तेच पाहतो जे आधी पाहिले होते, त्याच ओळीला त्याच जागी डोळे भरून येतात, आणि आपण त्या भरून येण्यावरच खूश असतो. आत्याचे आणि काकांचे वाचन या जातीचे नव्हते. त्यांना ओळखीच्या मजकुरात अनोळखी काही सापडेल अशी अपेक्षा होती. मी स्वतः पुन्हा वाचायला घेतलेल्या पुस्तकात आधी मारलेल्या रेघांपाशी मुद्दाम थांबते आणि विचारते की आज ही रेघ मी मारली असती का? पुष्कळदा उत्तर नाही असे येते. अशा वेळी जुनी रेघ खोडत नाही, शेजारी तारीख घालून नवी खूण करते. काही पुस्तकांच्या समासात त्यामुळे माझी माझ्याशीच चाललेली वादावादी साठली आहे.

काही पुस्तके दुसऱ्या वाचनात टिकत नाहीत. विशीत ज्यांच्यावरून आम्ही मैत्रिणी रात्र रात्र बोलत असू, अशी काही आज हातात धरवत नाहीत. त्यांतल्या बायका पुरुषांच्या मोठेपणासाठी झिजण्यापुरत्याच आलेल्या दिसतात आणि त्यांची भाषा सारखी स्वतःकडे बघत असते. ती मी रद्दीत घालत नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांनाही इतरांबरोबर ऊन दाखवते. ज्या वयात माझ्याशी दुसरे कुणी तसे बोलत नव्हते त्या वयात ती बोलली, हे ऋण त्यांच्या गुणवत्तेहून वेगळे आहे आणि ते मानले पाहिजे.

लिहिण्याच्या बाबतीत मी जे काही शिकले ते याच वाटेने. लिहिलेला मजकूर काही दिवस बाजूला ठेवते, मग तो मोठ्याने वाचते, आणि वाचताना समोर आत्या बसली आहे असे मानते. जिथे तिच्या कपाळावर आठी पडली असती तिथे वाक्यात काहीतरी खोटे असते. बहुधा ते एखादे विशेषण असते, जे वस्तूकडे न पाहता कानाला बरे लागले म्हणून आलेले असते. घरात कोंकणी आणि कागदावर मराठी अशी ज्यांची रीत आहे त्यांना हा धोका जास्त, कारण कागदावरच्या भाषेला सणासुदीचे कपडे चढवण्याचा मोह आम्हाला फार होतो. बोलताना आम्ही ज्या नेमकेपणाने बोलतो, कुळागरात पाणी कुठून वळवायचे आणि माड कुठे वाकला आहे हे ज्या मोजक्या शब्दांत सांगतो, तो नेमकेपणा लिहिताना हातून सुटतो. तो परत आणायला मला मजकुराकडे दोनदा, तीनदा, कधी त्याहूनही अधिक वेळा जावे लागते. याचा मला शीण येत नाही. पहिल्या खर्ड्यात मला काय म्हणायचे होते ते असते, आणि नंतरच्या खर्ड्यांत ते खरे आहे का हे कळत जाते.

माझ्या या म्हणण्यावर एका तरुण कवीने घेतलेला आक्षेप मला गंभीर वाटतो. तो म्हणाला, तुम्ही सगळे जुने पुन्हा पुन्हा वाचत बसलात तर आमचे कोण वाचणार? गोव्यात मराठीत लिहिणाऱ्याचे पुस्तक निघते ते थोड्या प्रतींचे, त्यातल्या निम्म्या तो स्वतः वाटतो, प्रकाशनाच्या दिवशी चार भाषणे होतात, वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत एखादा परिचय येतो आणि संपते. त्याचे दुखणे खरे आहे. पण मला वाटते त्याच्यावरचा अन्याय जुन्या पुस्तकांनी केलेला नाही, आमच्या एकदाच वाचण्याने केला आहे. प्रकाशनाला भाषण करणाऱ्याने पुस्तक बहुधा एकदा, घाईत वाचलेले असते. परिचय लिहिणाऱ्यानेही तसेच. नव्या कवितेला पहिल्या वाचनात न्याय मिळणे जवळजवळ अशक्य असते, कारण तिची चाल अजून कुणाच्या कानात बसलेली नसते. बाकीबाब बोरकरांची कविता आमच्या आधीच्या पिढीच्या कानात बसली, कारण ते ती स्वतः गाऊन म्हणत आणि ऐकणारे तीच कविता पुन्हा म्हणायला लावत. नव्या कवीला असे 'पुन्हा' मिळाले पाहिजे.

म्हणून आमच्या छोट्या वाचक मंडळात आम्ही या वर्षीपासून एक बदल केला आहे. दर महिन्याला एक नवे पुस्तक हा जुना नेम आम्ही मोडला. आता एका नव्या पुस्तकाला दोन बैठका द्यायच्या, मध्ये महिन्याचे अंतर ठेवायचे, आणि दुसऱ्या बैठकीला प्रत्येकाने ते पुस्तक पुन्हा वाचून, आपले पहिले मत कुठे हलले ते घेऊन यायचे. सुरुवात त्या तरुण कवीच्या संग्रहापासून केली. पहिल्या बैठकीत मंडळी जरा अवघडलेली होती. कविता दुर्बोध आहेत असे तिघाचौघांनी सांगितले आणि कवी मान खाली घालून ऐकत होता. दुसरी बैठक येत्या रविवारी आहे. मी संग्रह परत वाचून काढला आहे, तीन कवितांविषयीचे माझे मत पुरते बदलले आहे, आणि एकीविषयी मला त्याच्याशी भांडायचे आहे.